धातू कोणता, याहून तो निवला कसा?

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला की रुग्णाचे नातेवाईक जे चार-पाच प्रश्न विचारतात, त्यांत अलीकडे एक प्रश्न हमखास असतो : आत बसवणार ती वस्तू कोणत्या धातूची? ‘टायटॅनियम’ हे उत्तर ऐकले की त्यांचे समाधान होते. ‘स्टील’ म्हटले की चेहऱ्यावर किंचित शंका उमटते. हा समज केवळ रुग्णांचा आहे असेही नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या कमाल किमती बांधून दिल्या, तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या सर्वसाधारण सांध्यासाठी ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम वा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियम अशा ‘विशेष’ धातूंच्या सांध्यासाठी ७६,६०० रुपये अशी प्रतवारी झाली. किमतींना लगाम घालण्याचा तो निर्णय रुग्णहिताचाच होता, याविषयी दुमत नसावे. परंतु त्या प्रतवारीचा एक मुख्य आधार धातूचे नाव हाच होता, हेही तितकेच खरे.

प्रस्तुत लेखात मांडावयाचा विचार असा की, धातूचे नाव ही अर्धीच माहिती आहे. वितळलेला धातू कोणत्या वेगाने निवला आणि त्यानंतर त्याला कोणकोणती उष्णता सोसावी लागली, ही उरलेली अर्धी माहिती होय. आणि ती वस्तू शरीरात किती काळ व किती विश्वासाने काम करील, हे ठरविण्यात या दुसऱ्या अर्ध्याचा वाटा पहिल्याइतकाच मोठा असतो. ही गोष्ट सर्वच धातूंच्या बाबतीत खरी असली, तरी ती सर्वांत स्पष्टपणे दिसते ती ‘काचधातू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्रधातूंच्या कुळात. म्हणून आरंभी त्यांचा परिचय करून घेणे उचित ठरेल.

एकाच पाकाचे दोन शेवट

साखरेच्या पाकात दोरा सोडून तो कित्येक दिवस सावकाश निवू दिला, तर दोऱ्याभोवती खडीसाखरेचे टपोरे खडे धरतात. त्याच साखरेच्या पाकातले पाणी जवळजवळ सारे आटवून तो थंड फरशीवर पातळ पसरला, तर काचेसारखा पारदर्शक आणि कडकन मोडणारा थर मिळतो. साखर तीच. पहिल्या प्रकारात रेणूंना आपापल्या जागी रांगेने बसावयास वेळ मिळाला, दुसऱ्यात तो मिळाला नाही. द्रवातली अव्यवस्था जशीच्या तशी गोठली. पहिल्या स्थितीला आपण स्फटिक म्हणतो, दुसरीला काच. ‘काच’ हा शब्द शास्त्रात खिडकीच्या तावदानापुरता मर्यादित नाही. तो पदार्थाच्या अंतर्गत रचनेचा एक प्रकार आहे.

धातूंच्या बाबतीत हा दुसरा शेवट जवळजवळ अशक्य मानला जात असे. वाळूपासून होणाऱ्या नेहमीच्या काचेत अणूंची जाळी गुंतागुंतीची असते, द्रव घट्ट असतो, त्यामुळे ती कितीही सावकाश निवली तरी सहसा काचच राहते. धातूंचे अणू मात्र साधे गोळे. वितळलेला धातू पाण्यासारखा पातळ आणि अणूंची हालचाल अतिशय चपळ. द्रवणांकाच्या खाली थोडे उतरताच ते क्षणार्धात रांगा धरतात. म्हणूनच आपल्या नेहमीच्या वापरातला प्रत्येक धातू, मग तो शस्त्रक्रियेची कात्री असो वा स्वयंपाकघरातले पातेले, असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो.

१९६० मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत पॉल ड्युवे आणि त्यांचे सहकारी क्लेमेंट व विलेन्स यांनी ही समजूत मोडली. सोन्याचे ७५ आणि सिलिकॉनचे २५ अणू या प्रमाणातल्या मिश्रधातूचा वितळलेला थेंब त्यांनी वायूच्या झोताने थंड धातूच्या पृष्ठावर आपटला. थेंबाचा पापुद्रा इतका पातळ झाला की तो सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने निवला. क्ष-किरणांच्या तपासणीत त्या पापुद्र्यात स्फटिकाच्या तीक्ष्ण रेषा दिसल्या नाहीत. दिसले ते द्रवासारखे पसरट, धूसर वलय. तो पापुद्रा फार काळ त्या स्थितीत टिकला नाही, पण धातूचीही काच होऊ शकते हे सिद्ध झाले.

वेगाचे गणित

इतका वेग का लागतो, हे समजून घेतले की पुढचे सारे सोपे होते. द्रवणांकाच्या किंचित खाली अणू चपळ असतात, पण स्फटिक होण्याची निकड कमी असते. बरेच खाली, जिथे द्रव इतका घट्ट होतो की त्याला घनच म्हणावे लागते, तिथे निकड भरपूर असते, पण अणूंना हलता येत नाही. या खालच्या मर्यादेला काच-संक्रमण तापमान म्हणतात. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात मात्र निकडही असते आणि चपळताही असते. स्फटिकांची बीजे याच पट्ट्यात वेगाने रुजतात. काच हवी असेल तर हा धोक्याचा पट्टा बीजे रुजण्याआधी ओलांडला पाहिजे. ज्या किमान वेगाने तो ओलांडता येतो, त्याला त्या मिश्रधातूचा निर्णायक शीतनवेग म्हणतात.

पुढील चार दशकांतील संशोधन म्हणजे हा निर्णायक वेग खाली आणण्याची कथा आहे. डेव्हिड टर्नबुल यांनी असे दाखवून दिले की, काच-संक्रमण तापमान द्रवणांकाच्या जितके जवळ, तितका धोक्याचा पट्टा अरुंद आणि तितकी काच सुलभ. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात अकिहिसा इनोउए यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तीन वा अधिक मूलद्रव्ये एकत्र आणून, त्यांच्या अणूंच्या आकारांत पुरेसा फरक ठेवून, अणूंना रांगा धरणे कठीण करून टाकले. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या त्याच संस्थेत पेकर आणि जॉन्सन यांनी झिर्कोनियम, टायटॅनियम, तांबे, निकेल आणि बेरिलियम या पाचांची अशी मिश्रधातू दिली की, तिच्यासाठी सेकंदाला सुमारे एक अंश एवढाच वेग पुरतो. दहा लाखांवरून एकावर! त्यामुळे केसाहून बारीक पापुद्र्याऐवजी सेंटिमीटरभर जाडीचे ओतीव तुकडे काचरूपात मिळू लागले.

येथे एक साधे गणित ध्यानात ठेवण्याजोगे आहे. साच्यात ओतलेल्या दांड्याच्या गाभ्यातील शीतनवेग साधारणतः त्याच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी दुप्पट केली की गाभ्यातला वेग चौथाईवर येतो. साडेतीन मिलिमीटरचा स्क्रू आणि साडेचार मिलिमीटरचा स्क्रू आपल्या ट्रेमध्ये शेजारीशेजारी पडलेले असतात. परंतु एकाच साच्याच्या पद्धतीने ओतले तर जाड स्क्रूचा गाभा बारीक स्क्रूच्या गाभ्याच्या सुमारे साठ टक्के वेगानेच निवेल. मिश्रधातूचा निर्णायक वेग या दोहोंच्या मध्ये पडला, तर बारीक स्क्रू काच होईल आणि जाड स्क्रूच्या पोटात स्फटिक असतील. प्रमाणपत्रावरील रासायनिक पृथक्करण दोघांचे अगदी सारखे!

आपल्या बेळगावात हे तत्त्व समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. उद्यमबागेतील फाउंड्रीत बिडाचा रस ओतणाऱ्या कारागिराला ते पक्के ठाऊक असते. तोच रस जाड भागात सावकाश निवला तर कर्ब ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा होतो आणि करडे बीड मिळते, ज्यावर यंत्रकाम सहज होते. पातळ कडेला किंवा साच्यात बसवलेल्या लोखंडी ‘चिल’जवळ तो झटकन निवला तर कर्ब लोहाशी संयुक्त राहतो आणि पांढरे, अतिशय कठीण आणि ठिसूळ बीड होते. म्हणूनच जाणता कारागीर पाचरीच्या आकाराचा एक छोटा नमुना ओततो, तो मोडतो आणि टोकापासून किती अंतरापर्यंत पांढरा भाग आहे ते पाहून रसाची परीक्षा करतो. काचधातूंचे संशोधकही नेमके हेच करतात. तांब्याच्या साच्यात पाचर ओततात; पातळ टोकाकडे काच, जाड बाजूकडे स्फटिक आणि मधल्या टापूत काचेत विखुरलेले स्फटिक, असा शीतनवेगाचा सारा आलेख एकाच तुकड्यात वाचता येतो.

काच आणि काच यांतही भेद

स्फटिक टळले म्हणजे काम संपले, असेही नाही. दोन तुकडे पूर्णतः काचरूप असले तरी त्यांतला एक झटकन आणि दुसरा त्यामानाने सावकाश निवलेला असेल, तर त्यांच्या गुणांत फरक पडतो. सावकाश निवलेल्या काचेतील अणूंना थोडे अधिक दाटीने बसता येते. झटकन निवलेल्या काचेत अणूंच्या दरम्यान मोकळी जागा जास्त उरते. घनतेतला हा फरक अगदी अल्प असतो, पण परिणाम मोठा. धातूच्या स्फटिकात ताण आला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात आणि धातू वाकतो. काचेत असे थर नसतात. तेथे ताण अतिशय अरुंद पट्ट्यांत एकवटतो. मोकळी जागा पुरेशी असेल तर असे अनेक पट्टे निर्माण होऊन तुकडा थोडाफार वाकतो. ती कमी असेल तर एकच पट्टा तडा होऊन धावतो आणि तुकडा इशारा न देता तुटतो. काचधातू पुन्हा तापवला, अगदी काच-संक्रमण तापमानाच्या खालीही काही काळ ठेवला, तरी अणू हळूहळू दाटीने बसू लागतात आणि लवचिकता घटते.

रोहित्राच्या गाभ्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लोहाच्या काचरूप पट्ट्यांत हे नित्य दिसते. फिरत्या चाकावर रस सोडून काढलेली, मिलिमीटरच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी पातळ पट्टी ताजी असताना सहज वाकते. चुंबकीय गुण सुधारण्यासाठी तापवल्यावर तीच कुरकुरीत होते. याउलट, काही ठिकाणी स्फटिक मुद्दाम हवे असतात. १९८८ मध्ये जपानमध्ये योशिझावा आणि सहकाऱ्यांनी लोहाच्या अशाच पट्टीत थोडे तांबे व नायोबियम घालून ती सुमारे साडेपाचशे अंशांवर तापवली आणि त्यातून मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे स्फटिककण घडवून उत्तम चुंबकीय द्रव्य मिळवले. तात्पर्य, काच चांगली आणि स्फटिक वाईट असा हा विषय नाही. जी रचना हवी ती हेतुपूर्वक घडवली आहे की नकळत घडून गेली आहे, हा खरा प्रश्न आहे.

वैद्यकाशी संबंध

काचधातूंविषयी शल्यवैद्यांना आकर्षण वाटावे अशी कारणे आहेत. झिर्कोनियमच्या काचधातूंचा स्थितिस्थापकत्व गुणांक साधारण ८० ते ९५ गिगापास्कल असतो. टायटॅनियमच्या नेहमीच्या मिश्रधातूचा सुमारे ११० आणि स्टेनलेस स्टीलचा १९० ते २००. हाडाच्या कठीण भागाचा तो सुमारे १० ते ३० च्या दरम्यान. प्लेट जितकी हाडाशी मिळतीजुळती, तितका हाडावरचा भार नैसर्गिक राहतो. शिवाय काचधातू दोन टक्क्यांपर्यंत ताणला तरी पूर्ववत होतो. तथापि पुनःपुन्हा येणाऱ्या भाराखाली तो किती टिकतो, याचे आकडे निरनिराळ्या प्रयोगशाळांत फार निरनिराळे आले आहेत. आणि नकळत राहिलेले स्फटिक व ओतकामातील पोकळ्या हे त्यामागचे एक महत्त्वाचे कारण आहे. निकेलमुळे होणारी अ‍ॅलर्जी आणि बेरिलियमची विषाक्तता या अडचणी वेगळ्याच.

परंतु शीतनवेगाचे वैद्यकीय महत्त्व सर्वांत अधिक कुठे दिसत असेल, तर ते विरघळणाऱ्या इम्प्लांटच्या बाबतीत. हाड जुळल्यावर दुसरी शस्त्रक्रिया करून प्लेट काढावी लागू नये, म्हणून मॅग्नेशिअम वापरण्याची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बेल्जियमचे विख्यात शल्यविशारद अल्बँ लांबोत यांनी पायाच्या अस्थिभंगासाठी मॅग्नेशिअमची प्लेट सोन्याचा मुलामा दिलेल्या पोलादी खिळ्यांनी बसवली. आठ दिवसांत प्लेट विरून गेली आणि त्वचेखाली वायू साठला. एका ओल्या, क्षारयुक्त माध्यमात दोन विजातीय धातू एकमेकांना चिकटले की विद्युत्घट तयार होतो आणि दुबळा धातू झिजतो, हे आज आपण जाणतो. तो वायू म्हणजे हायड्रोजन.

२००९ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील झ्बेर्ग, उगोवित्झर आणि लोफलर यांनी मॅग्नेशिअम, जस्त आणि कॅल्शिअम यांच्या काचधातूवरील काम प्रसिद्ध केले. स्फटिकरूप मॅग्नेशिअममध्ये जस्ताचे फार थोडे अणू, शेकडा अडीचच्याही आत, विरघळून राहू शकतात. जास्त घातले तर ते वेगळे होऊन निराळे कण बनवतात. झटकन निववून काच केली तर मात्र तिच्यात शेकडा तीसपर्यंत आणि त्याहूनही अधिक जस्त एकजीव राहते. शेकडा २८ च्या वर जस्त गेल्यावर पृष्ठभागावर संरक्षक थर बसतो आणि हायड्रोजन बाहेर पडण्याचे प्रमाण एकदम उतरते, असे त्यांना आढळले. डुकरांवरील प्रयोगांतही वायूच्या पोकळ्या दिसल्या नाहीत.

आता येथे शीतनवेग घसरला तर काय होईल, याचा विचार करावा. तीच मूलद्रव्ये, तेच प्रमाण. पण स्क्रूच्या गाभ्यात वेग थोडा अपुरा पडला. जस्तसमृद्ध कण वेगळे झाले, त्यांच्याभोवती जस्ताला पारखे झालेले मॅग्नेशिअम राहिले. म्हणजे लांबोत यांच्या प्लेट आणि खिळ्यांत जे घडले, तेच आता एका स्क्रूच्या पोटात, सूक्ष्मदर्शकाच्या मापात, हजारो ठिकाणी घडणार. या मिश्रधातूची काच जेमतेम काही मिलिमीटर जाडीपर्यंतच मिळते, आणि आपले स्क्रू नेमके त्याच मापाचे असतात, हे लक्षात घेतले म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य कळेल. काचरूप मॅग्नेशिअम अद्याप नित्याच्या वापरात आलेले नाही. २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळालेला मॅग्नेशिअमचा स्क्रू स्फटिकरूप मिश्रधातूचाच होता. यामागे शीतनवेगाची ही अडचणही आहे.

दुसरी बाब निर्जंतुकीकरणाची. ऑटोक्लेव्हमध्ये आपण १२१ किंवा १३४ अंशांची वाफ वापरतो. झिर्कोनियमच्या काचधातूंचे काच-संक्रमण तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास वा त्याहून वर असल्याने त्यांना या वाफेचे काही भय नाही. मॅग्नेशिअम-जस्त-कॅल्शिअमच्या काचेचे मात्र ते १२० अंशांच्या आसपास किंवा त्याहून खाली असते. कारखान्यात सेकंदाला शेकडो अंशांच्या वेगाने निववून कमावलेली रचना आपल्या ऑपरेशन थिएटरच्या शेजारच्या खोलीत वीस मिनिटांत गमावता येते! वंध्यत्वचिकित्सा करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना हे नवे वाटणार नाही. १९८५ मध्ये राल आणि फाही यांनी उंदराचे भ्रूण बर्फाचा एकही स्फटिक होऊ न देता काचरूपात उणे १९६ अंशांवर ठेवून दाखवले. आज भ्रूण आणि स्त्रीबीजे याच तत्त्वाने साठवली जातात. आणि पुन्हा तापवताना वेग अपुरा पडला तर थंड करताना टळलेले स्फटिक परत येताना होतात, हा धडा प्रत्येक भ्रूणतज्ज्ञ प्रथम शिकतो.

आज वापरात असलेल्या धातूंचे काय?

काचधातू अजून आपल्या टेबलावर आलेलेच नाहीत, मग ही चर्चा कशासाठी, असा आक्षेप येईल. त्याचे उत्तर असे की, तोच नियम आज बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक धातूला लागू आहे. काचधातूंत तो फक्त ठळकपणे दिसतो. स्टेनलेस स्टील साधारण ८५० ते ४५० अंशांच्या पट्ट्यातून फार सावकाश निवले तर कणांच्या सीमांवर क्रोमियम कार्बाइड साठते, सीमेलगतचे क्रोमियम घटते आणि गंज त्या सीमांतून आत शिरतो. कर्बाचे प्रमाण शेकडा ०.०३ पर्यंत मर्यादित ठेवण्यामागे हेच कारण आहे. टायटॅनियमची मिश्रधातू सावकाश निवली तर एक रचना देते, झटकन निवली तर सुईसारख्या कणांची दुसरी. दोघींची भार सोसण्याची क्षमता वेगळी. रुग्णाच्या हाडाच्या मापाने लेसरच्या साहाय्याने थरावर थर वितळवून तयार केलेले इम्प्लांट आता मिळू लागले आहेत. त्यांत धातूचा प्रत्येक बिंदू अत्यंत वेगाने निवतो आणि नंतर योग्य उष्णतासंस्कार न केल्यास अंतर्गत ताण तसाच राहतो. रक्तवाहिन्यांतील निटिनॉलचा स्टेंट शरीराच्या तापमानाला उमलावा, हे त्याच्या रासायनिक घटकांइतकेच त्याला दिलेल्या उष्णतासंस्कारावर ठरते. या साऱ्यांच्या वेष्टनावर नाव तेवढे ठळक अक्षरांत असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. प्रमाणके आहेत, नियामक आहेत, २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत. डॉक्टरने धातुशास्त्रज्ञ होण्याची गरज काय? गरज नाही, हे मान्य. पण औषधनिर्माणशास्त्रज्ञ न होताही आपण गोळीच्या नावाबरोबर तिची निर्मितीतारीख, साठवणुकीचे तापमान आणि शरीरात ती किती उपलब्ध होते हे विचारतोच. एकाच रसायनाच्या दोन स्फटिकरूपांची विद्राव्यता वेगळी असते, हे आपण शिकलेलो आहोत. शिवाय धातूंच्या प्रमाणकांतही केवळ घटकांचे प्रमाण नसते. कणांचा आकार आणि सूक्ष्मरचना यांच्याही अटी असतात. प्रमाणक जे विचारते, ते विकत घेणाऱ्याने विचारू नये, यात कोणता शहाणपणा? आणि जो प्रश्न ग्राहक कधीच विचारत नाही, त्याचे उत्तर विक्रेता फार काळ जपून ठेवत नाही, हा बाजाराचा अनुभव आहे.

काय करता येईल

म्हणून आपल्या संघटनेने काही साध्या गोष्टी अंगीकाराव्यात, असे सुचवावेसे वाटते. पहिली, इम्प्लांटची खरेदी करताना रासायनिक पृथक्करणाबरोबर वस्तू ओतलेली, घडीव की लेसरने थरावर थर वितळवून केलेली, तिच्यावर अखेरचा उष्णतासंस्कार कोणता झाला आणि सूक्ष्मरचनेची तपासणी त्याच खेपेतील तुकड्यावर झाली का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. एखादा नवा काचधातू उद्या दारात आला, तर क्ष-किरणांच्या एका आलेखावर समाधान मानू नये. शेकडा काही थोडे स्फटिक त्यात लपून जाऊ शकतात. तापवताना तो किती उष्णता सोडतो, याचीही मोजणी मागावी, कारण आधीच स्फटिक झालेला भाग ती उष्णता सोडत नाही.

दुसरी, पुन्हा निर्जंतुक करण्याच्या सूचना न वाचता कोणतीही नवी धातूची वस्तू ऑटोक्लेव्हमध्ये घालू नये, आणि ही गोष्ट थिएटरमधील परिचारिका व मदतनीसांपर्यंत पोहोचवावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची. मोडलेला स्क्रू किंवा प्लेट बाहेर काढल्यावर ती सहसा बादलीत तरी जाते, नाहीतर रुग्ण आठवण म्हणून घरी नेतो. वास्तविक तो धातूचा मृत्यूत्तर नमुना आहे. मृत्यूचे कारण कळावे म्हणून आपण शवविच्छेदनाचा आग्रह धरतो. तोच न्याय येथेही लागू व्हावा. रुग्णाची संमती घेऊन तो तुकडा नावनिशीसह जपावा, धातुपरीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि २०१५ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय उपकरण-दक्षता कार्यक्रमाकडे त्याची नोंद करावी. हाड न जुळल्यामुळे प्लेट मोडली, भार लवकर टाकल्यामुळे मोडली, आपल्या तंत्रामुळे मोडली की धातूच्या रचनेतच दोष होता, हे त्याशिवाय कळणार नाही. आज या चारही शक्यतांचा दोष बहुधा रुग्णाच्या चालण्यावर टाकून आपण मोकळे होतो. हे न्याय्य नाही. आणि ज्याने कर्ज काढून पहिली शस्त्रक्रिया केली, त्याच्यावर दुसरीचा भार येतो तेव्हा तर मुळीच नाही.

चौथी सूचना आपल्या गावाच्या भाग्याची आहे. भट्टीच्या तोंडाशी उभे राहून रसाचा रंग पाहणारे, पाचर मोडून निवण्याचा वेग वाचणारे तंत्रज्ञ येथे आपल्या शेजारी राहतात, आपल्याच दवाखान्यात औषध घेतात. वार्षिक शास्त्रीय परिषदेत परगावचे वक्ते आपण आदराने बोलावतो. एक सत्र या शेजाऱ्यांसाठी राखून ठेवण्यास काय हरकत आहे? त्यांनी मोडलेली प्लेट हातात घेऊन तिच्या तुटलेल्या कडेवर काय लिहिले आहे ते वाचून दाखवावे आणि आपण ती प्लेट कोणत्या हाडात, किती महिने, कसा भार सोसत होती ते सांगावे. त्या एका सत्रातून दोन्ही व्यवसायांना जे मिळेल, ते कोणत्याही रंगीत माहितीपत्रकातून मिळणार नाही. येत्या सर्वसाधारण सभेत या चार सूचनांवर विचार व्हावा आणि त्यांतील निदान तिसरीचा अंमल याच वर्षी सुरू व्हावा, एवढीच या स्मरणिकेच्या वाचकांना विनंती.